डाव्या बाजूचा ओलावा

माझी बायको माघातल्या एका मंगळवारी गेली. सकाळी तिने तिच्या आईला डायलिसिससाठी हॉस्पिटलात सोडलं, घरी येऊन गाडी लावली, चावी खिळ्याला अडकवली आणि ती स्वयंपाकघरात पडली. डॉक्टर आले तेव्हा ती गेलेली होती. दुपारी तिच्या आईला आणायला मी रिक्षाने गेलो.

त्यानंतर ती चावी माझी झाली. मी घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासतो. गाडी चालवायला शिकलो होतो तो बायकोच्या आग्रहामुळे. मी चालवत असताना ती डावीकडे बसायची आणि काही बोलायची नाही, फक्त तिचा पाय अधूनमधून समोरच्या गालिच्यावर दाबला जायचा, ब्रेक तिथे असल्यासारखा.

सासूबाईंना मी आई म्हणतो. त्या अमरावतीच्या. सासरे एसटीत ड्रायव्हर होते. ते वारल्यावर आणि आईंची मूत्रपिंडं थकल्यावर बायकोने त्यांना शनिवार पेठेत आमच्याकडे आणलं. आम्हाला मूल नाही. तेराव्याच्या दिवशी मेहुणा म्हणाला, "आईला मी अमरावतीला घेऊन जातो."

"तिकडं मशिनीवर कोण नेईन मले? तू दिवसभर दुकानात," आई म्हणाल्या.

"आणि इथे कोण नेणार?"

आईंनी माझ्याकडे बोट केलं. मेहुण्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "यांना गाडी येते?"

"येते. हळू येते."

एवढ्यावर ते ठरलं. मी त्यांना नीट नेत-आणत राहीन तोवर त्या राहणार होत्या. डायलिसिसनंतर त्यांचं ब्लडप्रेशर उतरतं, रिक्षाच्या धक्क्यांनी उलटी होते, त्यामुळे गाडी लागतेच. माझ्या बाजूने खरं सांगायचं तर मला घराची भीती वाटत होती. त्या गेल्या असत्या तर दोन खोल्यांत माझ्याशिवाय कुणी उरलं नसतं.

श्रावणात एका दुपारी मी खिडकीशी काम करत होतो. सकाळी पाऊस पडून गेला होता आणि ऊन आलं होतं. खाली आवारात टक्‌ असा आवाज झाला. मग पुन्हा टक्‌. आमच्या गाडीची लॉकं आपोआप उघडत होती आणि लागत होती. थोड्या वेळाने हॉर्न सुरू झाला आणि थांबेना.

शेजारचे निवृत्त हेडमास्तर दारात आले. "आपली गाडी आपल्याला बोलावतेय. जरा जाऊन या, म्हणजे आम्हालाही पेपर वाचता येईल."

मी खाली गेलो. गाडीत कुणी नव्हतं. कोरड्या काचेवर वायपर खरखरत फिरत होते. मी चावी हातात धरून उभा राहिलो. पुढे जाववेना. ड्रायव्हरच्या सीटकडे बघायचं मी टाळलं. त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते मी कुणाला सांगितलं नाही, पण आईंनी ते ओळखलं असावं. हॉर्न शेवटी आपोआपच थांबला. मी वर आलो तेव्हा त्या गव्हाची चाळण हातात घेऊन बसल्या होत्या.

"तिले हॉर्न वाजवाची सवय नोयती," त्या म्हणाल्या. "एवढ्या ट्रॅफिकमधी नाही वाजवे ती. मग आता कायले वाजवन?"

मार्केट यार्डाजवळ गाड्यांचा एक इलेक्ट्रिशियन आहे. त्याने मीटर लावून पाहिलं आणि बॅटरी म्हातारी झाली म्हणून बदलली. मी विचारलं, पाणी तर गेलं नसेल ना कुठे? तो म्हणाला, "पाणी गेलं असेल तर वाळवून आणा. मी वायरमन आहे, धोबी नाही."

काही दिवस पाऊस नव्हता आणि गाडी बरी चालली. मग पुन्हा झड लागली. ती उघडली त्याच्या दुसऱ्या दिवशी आईंचं डायलिसिस होतं. हॉस्पिटलातून परतताना पुलाच्या चढावर गाडी एकाएकी मेली. इंजिन, पंखा, सगळंच. डॅशबोर्डवरचे दिवे मात्र एकदम पेटले, तांबडे, पिवळे, मला अर्थ न कळणारे. मागून हॉर्न वाजायला लागले. काच खाली जाईना. दार उघडायला मी खिडकीजवळचं लॉकचं बटण वर ओढलं, ते आतूनच खाली गेलं. पुन्हा ओढलं, पुन्हा खाली गेलं. टक्‌, टक्‌. चारही दारं तसंच करत होती.

आई डोळे मिटून होत्या. मी हाक मारली. त्या बोलल्या नाहीत. त्यांच्या कपाळावर घाम होता. मला श्वास पुरेना. काचेबाहेर एक मोटारसायकलवाला मला हातवारे करून काहीतरी सांगत होता, आणि मला एवढंच दिसत होतं की बाहेर भरपूर हवा आहे.

शेवटी एका हाताने बटण वर ओढून धरून दुसऱ्या हाताने मी कडी ओढली आणि खांद्याने दार ढकललं. हवा आत आली. आईंनी डोळे उघडले. "घर आलं काय?" त्या म्हणाल्या.

मेहुण्याला हे कळलंच. त्याचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागलं. "तुम्ही केलंत तेवढं पुष्कळ झालं. रविवारी येतो. आईचं सामान भरून ठेवा."

आईंनी ट्रंक पलंगाखालून ओढून काढली. उघडली नाही.

मुद्रितं तपासताना एक चूक सापडली की ती आणखी कुठे आली आहे ते मी मागे जाऊन पाहतो. त्या संध्याकाळी मी तेच केलं. पाऊस चालू असताना गाडीला कधी काही झालं नव्हतं. जे झालं ते उघडीप पडल्यावर. म्हणजे पाणी आत शिरून साठत होतं आणि मग कुठेतरी सावकाश पोचत होतं. मी आईंना विचारलं, गाडीत बसल्यावर काही वेगळं वाटतं का.

"पाय गार पडतेत."

"हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"मशिनीनं पडत असतीन असं वाटलं. म्हाताऱ्या माणसाचे पाय गारच असतेत."

मी खाली जाऊन डाव्या सीटपुढच्या गालिच्यावर हात दाबला. बोटांच्या मधून पाणी वर आलं. कुबट वास आला. इतके दिवस त्या तिथे पाय ठेवून बसत होत्या आणि वर तारा होत्या.

सकाळी गालिचा उचकटून खाली जुनी मुद्रितं अंथरली. मग पाण्याची बादली आणि तांब्या घेतला. आई म्हणाल्या, एकट्याला जमणार नाही, आत कोणीतरी बघायला पाहिजे. त्या ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या आणि वाकून डॅशबोर्डच्या डाव्या खणाखाली टॉर्च धरला. मी बाहेरून ओतू लागलो. टपावर ओतलं, काही नाही. दाराच्या रबरावर, काही नाही. हेडमास्तर गॅलरीतून बघत होते. "अभिषेक चाललाय का?" त्यांनी विचारलं. "तीर्थ पाठवा."

मग मी पुढच्या काचेवर ओतलं. पाणी काचेवरून वायपरखालच्या जाळीत गेलं. एरवी ते तिथून खाली रस्त्यावर पडायला हवं. रस्ता कोरडा राहिला.

"थांबा," आतून आई म्हणाल्या. "आला थेंब. आणखी एक आला. तारांच्या जुडग्यावर पडून राह्यला." आणि थोड्या वेळाने, "जवाई, इथलं तांबं हिरवं झालं. कळकलं. चिंच आणू काय?"

मी हसलो. माघानंतर पहिल्यांदा बहुधा.

इलेक्ट्रिशियनला मी घरीच बोलावलं. कुठून पाणी येतं ते दाखवलं. आधी त्याने बॅटरीची तार सुटी केली. मग वायपर काढले आणि जाळी उचलली. खाली पाणी वाहून जायचं पन्हाळं होतं, ते काळ्या लगद्याने भरलं होतं. लगद्यात अजून केशरी दिसत होतं. दोन-तीन कोंब फुटले होते, प्रकाश न मिळाल्याने पांढरट.

"झेंडू," तो म्हणाला. "लोक निर्माल्य नदीत टाकतात. तुम्ही गाडीत विसर्जन करता होय?"

आई माझ्या शेजारी उभ्या होत्या. मी घाईने म्हणालो, "झाडाची पानं असतील."

"झाडाची नाहीत," आई म्हणाल्या. "दसऱ्याचा हार हाये तो. मीच चुरला."

मग त्यांनी सांगितलं. सासरे दसऱ्याला बसला हार घालायचे. वाळलेला हार रस्त्यावर टाकला तर लोकांच्या पायाखाली येतो, म्हणून तो चुरून त्याच गाडीच्या काचेखाली सोडायचा. गाडीचा मान गाडीपाशी राहतो. इथे आल्यापासून त्या दरवर्षी तेच करत होत्या.

"मंग आधी कधी कसं नाही झालं?" त्यांनी इलेक्ट्रिशियनला विचारलं.

तारांपर्यंत हात पोचावा म्हणून त्याने डाव्या बाजूचा खण काढला आणि त्यातल्या वस्तू माझ्या ओंजळीत दिल्या. गाडीची कागदपत्रं, बायकोचा गॉगल, लिमलेटच्या गोळ्या आणि एक क्रोशाची सुई. सुईच्या आकड्यात वाळकी पाकळी अडकली होती.

"ही माही सुई," आई म्हणाल्या. "किती शोधली मी. तिले विचारलं तर म्हणे, तुझ्याच पिशवीत असन, नीट बघ."

तेव्हा मला आठवलं. दर वर्षी वैशाखात, सकाळी ऊन चढायच्या आत, ती बॉनेटवर ओणवी होऊन काहीतरी करत असायची. मी खिडकीतून विचारायचो, काय चाललंय? ती म्हणायची, "गाडीचे कान साफ करतेय." आई तेव्हा पूजेत असायच्या. तिने त्यांना कधी सांगितलं नव्हतं, आणि मलाही नाही. यंदाचा वैशाख तिच्याशिवाय गेला होता.

हे मी आईंना सांगितलं. त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या. सुई पदराने पुसत राहिल्या. मग इलेक्ट्रिशियनने कळकलेल्या तारा कापून नव्या जोडल्या, खटके साफ केले, पन्हाळ्यात स्वतः बादलीभर पाणी ओतलं. ते सरळ रस्त्यावर पडलं.

रविवारी मेहुणा आला. आईंनी त्याला चहा दिला आणि म्हणाल्या, "चाल, एक चक्कर मारू." गालिचा गच्चीवर वाळत होता, त्यामुळे त्यांचे पाय उघड्या पत्र्यावर होते. पाऊस चांगलाच होता. आम्ही पार मांजरी गावापर्यंत गेलो आणि आलो. पुलाच्या चढावर माझे हात घामाने स्टिअरिंगवरून घसरत होते. टक्‌ असा आवाज येईल म्हणून मी कान देऊन होतो. मेहुणा मागे बसला होता. घराशी आल्यावर तो म्हणाला, "हळू येते खरंच," आणि रात्रीच्या गाडीने एकटाच परत गेला. ट्रंक आईंनी पलंगाखाली सारली.

यंदा वर्षाच्या आत सण नव्हता, म्हणून दसऱ्याला हार आणला नाही.

गाडीला अजून थोडा वास येतो. भीती गेलेली नाही. निघण्याआधी मी डाव्या बाजूच्या गालिच्यावर तळहात दाबून बघतो. तो कोरडा असतो. सुई आईंनी परत घेतली नाही, ती खणात आहे. घरात आई आहेत आणि मी आहे.