अमेरिकेहून आलेली डिस्क

माय गेली तेव्हा घरात तिचे फोटो होते, आवाज कुठंच नव्हता. व्हिडिओ काढणारे मोबाइल आमच्या घरात यायच्या आधीच ती गेली. दोनेक वर्षांनी एकदा मी भाकरी थापत होते, आणि आबा, म्हणजे माझे वडील, चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाले, "तुझ्या मायचा आवाज आता मला आठवून न्हाई राहिला."

मी चिडले. दुसरं येतं काय मला? पण रडू आलं होतं. मग ती डिस्क आठवली.

माय असताना अमेरिकेची एक बाई हळदीवर फिल्म काढायला आमच्या कुरुंद्यात आली होती. शेतात हळद शिजत होती. कढईपाशी उभी राहून माय कॅमेऱ्यापुढं घटकाभर बोलली. बोलण्यात ती कुणाला हार जायची नाही. बाईनं कबूल केल्याप्रमाणं डिस्क पोस्टानं पाठवली, पण ती आली तेव्हा माय नव्हती. आमच्या डीव्हीडी प्लेयरनं तर डिस्क घेतलीच नाही. खराब निघाली म्हणून आम्ही कपाटात टाकली.

ती घेऊन मी हिंगोलीला टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानातल्या चाचांनी उलटीपालटी करून पाहिली. "डिस्क में खराबी नहीं बेटा. अमेरिका का नंबर एक, अपना पाँच. अपने प्लेयर में नहीं चलती." फिल्मवाल्यांनी म्हणे चोरी होऊ नये म्हणून जगाच्या वाटण्या केल्यात, एका वाट्याची डिस्क दुसऱ्या वाट्यात चालत नाही. आग लागो त्या वाटण्यांना! हळद शिजवणाऱ्या बाईला कोण चोरून नेणार होतं? चाचांनी सगळे नंबर घेणारा प्लेयर मागवून दिला.

आबा धुतलेली टोपी घालून टीव्हीपुढं बसले. डिस्क सुरू झाली, पण चित्र काळंपांढरं आणि सारखं वर पळणारं. माय दिसायच्या आधीच आबा म्हणाले, "बंद कर. तिला असं न्हाई पाहायचं."

पुन्हा हिंगोली. चाचा म्हणाले, अमेरिकेचं चित्र वेगळ्या पद्धतीचं असतं, तुमच्या जुन्या टीव्हीला ते झेपत नाही. प्लेयरच्या सेटिंगमध्ये 'एनटीएससी', म्हणजे त्यांची पद्धत, आहे, तिच्या जागी 'पाल', म्हणजे आपली, करा, प्लेयरच ते बदलून देईल. घरी येऊन तसं केलं आणि चित्र थांबलं. हळद पिवळीधमक. पदर खोचलेली माय कढईपाशी उभी. तिनं हात हलवत तोंड उघडलं.

आणि इंग्रजी ऐकू आलं. कुठल्यातरी बाईचं स्वच्छ, गोड इंग्रजी. मायचं बोलणं त्याच्याखाली पार दबून गेलेलं.

"आवाज वाढव," आबा म्हणाले. वाढवला. इंग्रजीच वाढलं. भाषा बदलायचं बटण दाबदाबून पाहिलं, पण डिस्कवर एकच भाषा होती. आबा सरकत सरकत टीव्हीपाशी गेले आणि कान लावून बसले. माय हसली, तरी ती बाई बोलतच होती.

"ही कोण बोलून राहिली?"

"मायचंच बोलणं इंग्रजीत सांगून राहिली, आबा. काय म्हणते ते सांगू का तुमाला?"

"हळद कशी शिजवायची तेच सांगत असंल. ते ठावं हाये मला."

फिल्म संपली. मी म्हणाले, "पुन्हा लावू का? चेहरा तर चांगला दिसून राहिला."

"चेहरा फोटोतबी दिसतो," आबा म्हणाले, आणि टोपी काढून उठले.