मुरलेला ताप

टँकरच्या पाण्याला गंज आणि ब्लीचिंग पावडर यांचा मिळून एक वास असतो. एप्रिलच्या दुपारी तो गच्चीवरच्या तापलेल्या टाक्यांतून जिनाभर उतरतो, आणि त्याबरोबर मला विलासचा, माझ्या धाकट्या भावाचा, तो ताप हमखास आठवतो.

त्या वर्षी पावसानं सलग दुसऱ्यांदा पाठ फिरवली होती. चिकलठाण्याच्या बाजूला, कालपर्यंत ज्वारी डोलत असलेल्या रानांवर, आमच्यासारख्या इमारती मात्र भराभर उगवत होत्या. आमचा बोअर आटला. विलास आणि मी एकाच मजल्यावर समोरासमोर राहतो. टँकर मागवायचा मी, पाणी उतरवून घ्यायचं त्यानं, अशी मी वाटणी करून टाकली होती. तेवढ्यात साथीचा ताप घरात शिरला. मी लवकर बरी होऊन उठले. विलासचाही उतरला, आणि अंग गार लागताच तो बादल्या घेऊन निघाला.

गावाहून आलेली आत्या दारात गवारीच्या शेंगा मोडत होती.

"उतरला म्हणू नको रे. आपल्यात ताप उतरत नाय, मुरतो."

"मुरायला मी काय लोणचं हाय का, आत्या?"

"तुझा आजा बी असाच दात काढायचा."

तो हसतच खाली गेला. मला 'मुरणं' या शब्दाचं त्या दिवसांत वेगळंच कौतुक होतं. इमारतीमागं शोषखड्डा खणून घेतला होता; पाणी मुरावं, खालच्या काळ्या पाषाणातली एखादी भेग सापडून ते बोअरपर्यंत पोहोचावं, एवढीच तेव्हा आम्हा सगळ्यांची आस होती.

थोड्याच दिवसांत विलास जिन्यात बसलेला सापडला. ओठ पांढरे, श्वास वरच्या वर, बादली कलंडलेली, आणि पाणी एकेक पायरी उतरत शांतपणे खाली निघालेलं. दवाखान्यात कळलं, हृदयाच्या स्नायूला सूज आली होती. वाचेल का, असं मी विचारलं, तर डॉक्टरीणबाईंनी उलट मलाच विचारलं, "घरात कुणाला कमी वयात हृदयाचा त्रास?"

"नाही," मी ताबडतोब सांगितलं. अशी उत्तरं माझ्याकडे तयार असतात.

"व्हय, दोघं," मागून आत्या म्हणाली. "माझा बाप आन् थोरला भाऊ. ताप गेला म्हणून रानात गेले, आन् बसल्या जागी गेले."

आमच्या घरात आजोबा आणि थोरले काका 'तापानं गेले' असंच म्हणत. हृदयाशी त्यांचं नाव कुणी कधी जोडलंच नव्हतं. हृदय हा शब्द उच्चारायची वेळ आली की आम्ही ताप म्हणायचो आणि पुढं व्हायचो. बाईंनी मात्र हातातलं पेन खाली ठेवलं. विषाणू सगळ्यांच्या दारात येतो, त्या म्हणाल्या, पण काही घराण्यांच्या रक्तात त्याला तोंड देण्याची रीतच वेगळी असते. ताप जातो, झुंज आत चालू राहते आणि तिचा भार हृदयावर, रक्तवाहिन्यांवर पडतो. तुमच्यात तसं असेल. कुणाकुणात उतरलंय, हे तपासूनही नक्की सांगता येईलच असं नाही.

विलास वाचला. फार सावकाश, खोलवरच्या झऱ्यासारखा भरत आला. जड उचलायला त्याला कायमची मनाई आहे. आता तो खुर्ची टाकून टँकरवाल्याला सूचना देतो.

यंदा पुन्हा दुष्काळ आहे, आणि गेल्या आठवड्यात ताप मला आला. काल उतरला. आज सकाळी खाली टँकरचा हॉर्न वाजला तशी सवयीनं मी पाय जमिनीवर टेकवले, आणि तेवढ्यात अंगणातून विलासचा आवाज आला,

"ताई, उठली तर बघ! लोणचं घरात एकच पुरे!"

मी पाय पुन्हा वर घेतले. पाइपाच्या सांध्यातून गळणारं पाणी शोषखड्ड्याकडे वाहत असावं. खडीवर त्याचा बारीक आवाज येत होता. मग तो थांबला. पाणी खाली कुठल्या भेगेत गेलं असेल, याचा अंदाज बांधत मी मनगटावर बोटं ठेवून पडून राहिले.