जयवंताचं नाव

प्रेमदासची जीभ अडायची, पण सगळीकडे सारखी नाही. वेणा नदीकाठच्या हिंगणघाटला, कापसाच्या एका जिनिंगमध्ये तो कामाला होता. तिथे सरकी काढणारे रेचे धडधडू लागले की कोणाचं कोणाला ऐकू यायचं नाही, आणि हा गडी पोपटासारखा बोलायचा. दुपारी मशीन थांबली, चार जणांनी तोंडाकडे पाहिलं, की संपलं. रस्त्यात चावरं कुत्रं दुरून दिसावं तसा अवघड शब्द त्याला आधीच दिसायचा, आणि त्या धास्तीनेच तो अडायचा. आमची माणसं बिचारी भली. तो बोलू लागला की सगळे मुद्दाम गप्प होऊन वाट बघायचे. आग लागो असल्या भलेपणाला.

१९९१ साली त्याचं लग्न झालं. बायांनी नवरदेवाला नाव घ्यायला लावलं. "वेणेच्या काठी डोलते पऱ्हाटी" इथवर, म्हणजे कपाशीपर्यंत, तो झोकात आला. पुढे नवरीच्या नावाचा ज होता. मांडव चिडीचूप झाला. ज काही फुटेना. शेवटी नवरीच म्हणाली, "राहू द्या. घेतीन ते सवडीनं."

जयवंता हुशार बाई. त्याला काही सांगायचं आहे असं दिसलं की ती पाठ करून भांडी घासायला बसायची आणि नको इतका खडखडाट करायची. शेजारणी म्हणायच्या, हिचा सगळा राग भांड्यांवर. त्या आवाजात तो घरचं-दारचं सगळं बोलायचा. तिचं नाव मात्र नाही. हाक मारायची तर "अवं"वर भागवायचा.

२००३ मध्ये तिच्या किडन्या गेल्या. पुढचं त्याने मला पिठाच्या गिरणीत, दळण पडत असताना सांगितलं.

दवाखान्याच्या खाटेवर ती म्हणाली, "माहं नाव राह्यलं ना घ्याचं. आता घ्या."

तो "ज... ज..." करत राहिला. तिने उशाजवळच्या ताटलीवर चमचा वाजवायला घेतला. चमचा हातातून निसटला. तिला हसू आलं. "बरं, मी पाहून नाई राह्यली तुमच्याकडे," म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

प्रेमदासने पडलेला चमचा उचलून ताटलीत ठेवला. मग म्हणाला, "वेणेच्या काठी डोलते पऱ्हाटी, जयवंता आली माह्या जन्मासाठी."

कुठेच अडलं नाही. आनंदाच्या भरात त्याने पुन्हा म्हटलं. तेही न अडता. आणि मग त्याच्या ध्यानात आलं. कोणी ऐकत असताना इतकं सरळ तो जन्मात बोलला नव्हता.

त्याने तिचा हात हलवला. हात लुळा पडला. त्याने हाक मारली, "जयवंता."

हाकही नीट निघाली.