तीन दिवसांत हरकत न आल्यास

माझं चष्म्याचं दुकान आहे, आणि बायको काय करते हे गिऱ्हाइकांना समजावण्यात माझी अर्धी हयात गेली. ती एका डेटाबेसची संस्था चालवते म्हटलं की पहिला प्रश्न, विकता काय? काहीच नाही. मग घेणाऱ्याला पडतं केवढ्याला? फुकट. इथे समोरचा माणूस अशा नजरेने बघतो, की मी विषय बदलून त्याला फ्रेम दाखवायला लागतो.

खरं काम असं. माहिती नीट लावून ठेवायची आणि मागितली की चटकन काढून द्यायची, यासाठी एक सॉफ्टवेअर आहे. ते कोणीही वापरावं, उघडून बघावं, हवं तर बदलावं. बँका वापरतात, इस्पितळं वापरतात, माझ्या दुकानाचं बिलसुद्धा त्याच्यावरच निघतं. ते लिहिणारी मंडळी जगभर विखुरलेली, आपापल्या नोकऱ्या सांभाळून लिहिणारी, आणि इतकी थोर की सर्व्हरचं भाडं, विमा, नावाचे हक्क, संमेलनातल्या टी-शर्टची मापं असल्या गोष्टींकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्या सगळ्या गोष्टी म्हणजे माझी बायको. संस्थेत कर्मचारी दीड: एक ही, आणि एक अर्ध्या वेळेचा हिशेबनीस. ऑफिस एका छापखान्याच्या वर आहे. खाली यंत्र सुरू झालं की वर टेबलावरचे पेन आपोआप कडेला येतात.

मी तिला अध्यक्षीणबाई म्हणतो. ती दर वेळी दुरुस्त करते, "मी संचालक आहे. अध्यक्ष वेगळे आहेत." त्या अध्यक्षांना मी कधी पाहिलेलं नाही. तिनेही एकदाच पाहिलंय, तेव्हा ते टी-शर्ट लहान झाला म्हणून बदलून घ्यायला आले होते.

या संस्थेचा एक नियम आहे आणि त्याने आमच्या घराची पार वाट लावली आहे. यांची एक लिस्ट असते. एकाने मेल लिहिली की लिस्टवरच्या सगळ्यांना जाते. काही ठरवायचं असेल तर प्रस्ताव लिस्टवर टाकायचा. ज्याला नको असेल त्याने "उणे एक" असं लिहून कारण द्यायचं. एका माणसाचं उणे एक आलं तरी त्याचं समाधान होईपर्यंत प्रस्ताव जागचा हलत नाही. आणि तीन दिवसांत कोणीच काही बोललं नाही, तर मंजूर. हे इतकं सोयीचं वाटलं तिला, की घरातही सुरू केलं. फ्रीजवर चिठ्ठी लागली, "बैठकीच्या खोलीला शेवाळी पडदे. तीन दिवसांत हरकत न आल्यास मंजूर." मी फ्रीज उघडतो, वाचत नाही. पडदे लागले, आणि तेव्हापासून त्या हिरवट उजेडात आमच्या घरात सगळ्यांची तोंडं आजारी दिसतात.

मलाही एकदा तिने त्या लिस्टवर घेतलं होतं. दोन दिवसांत इतक्या मेल आल्या की मी हात जोडून बाहेर पडलो. आमच्याकडेच राहणाऱ्या माझ्या आईचं मात्र उलटं झालं. ती टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाली. आयुष्यभर लोकांचे फोन जोडून दिल्यामुळे तिला फोनचा वीट आला होता, म्हणून हिने तिला आपला जुना लॅपटॉप दिला आणि मेल शिकवली. आता मेल येते का हे बघायचं तर कोणीतरी पाठवायला हवी. हिने सोपा मार्ग काढला आणि आईला लिस्टवर घातलं. चहा होईपर्यंत आईला ढीगभर मेल आल्या. "चालतंय गं," आई खूश होऊन म्हणाली. नंतर तिला तिथून काढायचं कोणाच्याच ध्यानात राहिलं नाही.

दर महिन्याला ही लिस्टवर अहवाल लिहिते. किती मेहनतीने, ते मी बघतो. कोण नवीन आलं, कोणाचं कोणाशी वाजलं, ते कसं मिटवलं, सर्व्हर का हलवला, सगळं साध्या भाषेत. मग पाठवते आणि वाट बघते. एका स्वल्पविरामावरून आठवडाभर भांडणारे हे लोक, पण हिच्या अहवालावर हू नाही की चू नाही. सात वर्षांत एकानेही "वाचला" एवढंसुद्धा कळवलं नाही. ती हसून सोडून द्यायची. पण मागच्या वर्षी तिने अहवालाच्या मधोमध एक वाक्य घुसवलं, "छापखान्यातल्या मांजरीला संस्थेची खजिनदार नेमण्याचा प्रस्ताव आहे. तीन दिवसांत हरकत न आल्यास मंजूर."

मंजूर झाला. मी पोट धरून हसलो. ती हसली नाही, तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

गेल्या महिन्यात सोमवारी दुपारी चार वाजता तिने प्रस्ताव टाकला. "मी संचालकपदावरून निवृत्त होत आहे. तीन दिवसांत हरकत न आल्यास मंजूर." आणि मला जेवताना सांगितलं, जणू दूध संपलंय.

"वेडी आहेस का? मुळीच सोडायचं नाही," मी म्हणालो.

"तोंडी हरकत चालत नाही. लिस्टवर टाकावी लागते."

"मग मला पुन्हा घे लिस्टवर."

"प्रस्ताव आल्यानंतर आलेल्या सभासदाला मत नसतं. नियम आहे."

"नियम कोणी केला?"

"मीच. तीन दिवस कोणी हरकत घेतली नाही."

तिला काम सोडायचं नव्हतं. हे मला कळत होतं, तिला माझ्याहून चांगलं कळत होतं. कोणीतरी एकाने, जगाच्या पाठीवरच्या कुठल्याही एकाने, "बाई, जाऊ नका" म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. तसं मागायची लाज वाटली, म्हणून तिने ते नियमात बसवून मागितलं.

मंगळवारी एक उत्तर आलं. तिने हातातला घास खाली ठेवून बघितलं. कोणीतरी सुट्टीवर असल्याचं त्याच्या मशीनने कळवलं होतं. बुधवारी आणखी एक आलं: तुमच्या सहीखालचा ऑफिसचा पिनकोड जुना आहे. तिने आभार मानून पिनकोड बदलला. मला त्या माणसाला शोधून काढून त्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला.

गुरुवारी मी दुकानातून फ्रेमांचं रिकामं खोकं घेऊन तिच्या ऑफिसात गेलो. ती ड्रॉवर रिकामे करत होती. स्टेपलर संस्थेचा की स्वतःचा, यावर तिचं बराच वेळ अडलं होतं. उरलेल्या टी-शर्टांवर खजिनदार झोपली होती. खाली यंत्र सुरू झालं, पेन कडेला आले, तिने सवयीने ते परत मागे सारले. पावणेचार झाले होते. मी घड्याळाकडे बघायचं टाळत होतो आणि तीही.

तेवढ्यात मेल आली. तिने वाचली, खुर्चीत बसली आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली.

"उणे एक. कारण: या बाई दिवसभर घरी बसल्या, तर या घरात दोन मालकिणी होतील. एक आहे ती पुरे."

सही नव्हती. गरजही नव्हती.

मग जे झालं ते मी आजवर पाहिलेलं नाही. वर्षानुवर्षं अळीमिळी गुपचिळी करून बसलेले लोक खडबडून जागे झाले. एकाने विचारलं, ही हरकत वैध आहे का? दुसऱ्याने लिहिलं, कारण दिलंय, म्हणजे वैध. तिसरा म्हणाला, पण मालकिणींची संख्या हा तांत्रिक मुद्दा होतो का? चौथ्याने नियम उतरवून काढला आणि दाखवलं की कारण तांत्रिकच हवं असं कुठेही लिहिलेलं नाही. मग एकाने घाबरून विचारलं, या बाई गेल्या तर सर्व्हरचं भाडं कोण भरतं? यावर एवढी शांतता पसरली की ती मेलमधूनसुद्धा ऐकू आली. आणि मग "उणे एक", "माझंही उणे एक" अशी रीघ लागली. बायको खोक्यावर पाय ठेवून एकेक मेल वाचत होती आणि नाक पुसत होती. "मूर्ख आहेत सगळे," ती म्हणाली, आणि इतक्या मायेने म्हणाली की मला थोडा मत्सर वाटला.

घरी पोचलो तेव्हा आई शेवाळी पडद्यांजवळ बसून उसवलेली उशी शिवत होती. लॅपटॉप शेजारी उघडाच होता.

"आई, ते तुम्ही लिहिलंत?" हिने विचारलं.

"मग काय खोटं लिहिलं? तू घरी बसलीस की फ्रीजवर जागा उरेल का?"

"तुम्ही अजून त्या लिस्टवर आहात?"

"तूच घातलंस ना! कोडची भांडणं मला कळत नाहीत, ती मी खोडते. तुझे अहवाल तेवढे वाचते. सर्व्हर हलवलास ना, तेव्हा मला दोन दिवस घोर लागला होता. आणि ते मांजर. त्यावर लिहिणारच होते मी. पण म्हटलं, तुझ्या त्या हिशेबनीसापेक्षा मांजर बरं."

बायको तिच्यासमोर जमिनीवरच बसली. तिचा आवाज चढला. इतक्या दिवसांचं सगळं एकदम वर आलं होतं.

"सात वर्षं, आई! सात वर्षं मी वाट बघतेय की कोणीतरी एक ओळ लिहील. तुम्ही पलीकडच्या खोलीत बसून सगळं वाचत होता, आणि एकदाही काही लिहिलं नाहीत?"

आईने दोरा दाताने तोडला आणि चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं.

"काय लिहायचं? मला सगळं पटत होतं गं. तुमचा नियमच आहे ना, पटलं की गप्प बसायचं. या वेळी नाही पटलं."