माद्रिद, बार्सिलोना आणि माझा डावा कान

स्पेनला जायचं ठरलं त्याच संध्याकाळी आमचं खिडकीवरून वाजलं. खिडकी कुठली, तर माद्रिदहून बार्सिलोनाला जाणाऱ्या आगगाडीची, जिचं अजून आम्ही तिकीटही काढलं नव्हतं. अमेरिकेतल्या बॉथेलच्या आमच्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोघं बसलो होतो, मधे लॅपटॉप आणि चिवड्याची वाटी. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही दोघंच असे कधी कुठे गेलोच नव्हतो. गेलो ते लेकीला घेऊन, नाहीतर भारतात, म्हणजे बॅगा भरून चॉकलेटं वाटायला. आता लेक दुसऱ्या गावी कॉलेजला गेली आणि नवऱ्याने जाहीर केलं, "या वर्षी स्पेन. दोघंच. आणि विमान नाही, ट्रेनने फिरायचं."

नवरा नागपूरचा आहे, मी पुण्याची. त्यामुळे तो बोलतो आणि मी त्याला बोलते, अशी घरातली कामं पहिल्यापासून वाटलेली आहेत. त्यातून ट्रेनमध्ये बसला की या माणसाच्या अंगात येतं. खिडकी धरून बसायचं आणि बाहेर दिसेल ते सांगत सुटायचं. "ते पाहा, म्हशी. ते पाहा, ती फॅक्टरी कशाची असेल? अरे बाप्पा, केवढी संत्री लावून राहिलेत!" लग्नानंतर पहिल्यांदा सासरी निघालो तेव्हा वर्ध्यापर्यंत याने मला एक डुलकी काढू दिली नाही. तेव्हा असा वैताग आला होता की विचारू नका. पण आता इतकी वर्षं झाल्यावर सांगते, मला याची ती बडबड फार आवडते. तोंडावर मात्र मी त्याला हे कधी सांगितलेलं नाही, नाहीतर डोक्यावर बसेल.

आता मुख्य गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं कळेल. माझा डावा कान गेला आहे. एकदम नाही गेला, हळूहळू गेला. आधी डाव्या कानाला लावलेला फोन बारीक वाटायला लागला, मग त्या बाजूने कोणी बोललं की नुसती कुजबुज यायची, आणि आता तेही नाही. उजवा कान ठणठणीत आहे. ऑफिसात भागतं, कारण मीटिंगा हेडफोनवर असतात आणि शब्द खाली लिहून येतात. कोणाकडे जेवायला गेलो की मी सोफ्याचं डावं टोक गाठते, म्हणजे सगळी माणसं आपोआप उजवीकडे येतात. लेकीला, मैत्रिणींना, कोणालाही मी पत्ता लागू दिला नव्हता. आणि नवऱ्याला तर मुळीच नाही.

यात नटवेपणाचा भाग होताच, नाही कशाला म्हणू? पन्नाशीत कानात मशीन घालायचं म्हणजे माझ्या जिवावर आलं होतं. पण खरी भीती वेगळी होती. माझी एक मावशी बहिरी झाली होती. सुरुवातीला सगळे तिच्याशी ओरडून बोलायचे. मग ओरडायचा कंटाळा आला. बायका गप्पा मारता मारता हसल्या की ती मोठ्या हौसेने विचारायची, "काय गं, काय झालं?" आणि कोणीतरी तिच्या हातावर थोपटून म्हणायचं, "काही नाही, जाऊ दे." मीही म्हटलंय तिला तसं. ती घरात असायची, पंगतीत असायची, पण तिला कोणी काही सांगेनासं झालं. हा बडबड्या माणूस एक दिवस मला तसं म्हणेल, याची मला धास्ती होती.

आणि तो म्हणाला. गेल्या हिवाळ्यात आम्ही गाडीने पोर्टलंडला चाललो होतो. इथे ड्रायव्हर डावीकडे बसतो. तो ड्राइव्ह करत होता, म्हणजे माझा नेमका बिनकामाचा कान त्याच्याकडे. त्याने बाहेर बोट दाखवून काहीतरी सांगितलं. मी म्हटलं, "काय?" त्याने पुन्हा सांगितलं. मी पुन्हा म्हटलं, "काय?" आणि वर त्याच्यावरच डाफरले, "जरा तोंड उघडून बोल की रे!" तो म्हणाला, "काही नाही, जाऊ दे." पोर्टलंड येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाबरोबरचा प्रवास मुक्याने झाला.

त्याच सुमाराला त्याचा गुडघा दुखायला लागला. ब्रेक दाबताना कळ येते म्हणाला, आता तूच चालवत जा. मला काय, मी चालवायला लागले. गाडी मी चालवली की तो माझ्या उजवीकडे येतो, त्यामुळे मनातून मी खूशच होते. त्याची बडबड पुन्हा सुरू झाली, माझा जीव भांड्यात पडला. पण गुडघ्याची काळजी होतीच. भारतातून आणलेलं तेल मी रोज चोळून द्यायचे, सुंठेचा लेप लावायचे, गुडघ्याला घालायचा पट्टा आणला. डॉक्टरकडे चल म्हटलं की हा उडवून लावायचा. बिचाऱ्याने रविवारचं बॅडमिंटन सोडलं. मित्र कोर्टवर जायचे आणि हा घरात मटार सोलत बसायचा. त्याला बॅडमिंटनचं केवढं वेड आहे ते मला माहीत आहे, म्हणून मला फार वाईट वाटायचं.

तर अशा आम्ही दोघांनी त्या संध्याकाळी माद्रिद-बार्सिलोना उघडलं. त्या मार्गावर वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या आहेत, आणि जलद गाडी अडीच-तीन तासांत पोचवते. नवऱ्याला हे ऐकून हळहळ वाटली. "एवढ्यात पोचलो तर पोळी-भाजी खायची कधी?" त्याच्या हिशेबात प्रवास म्हणजे निदान दोन जेवणं. मधे थांबणारी गाडी घेऊ, की सरळ जाणारी? सकाळची, की जेवून निघायची? माद्रिदच्या अतोचा स्टेशनवर सामान तपासतात म्हणे, मग लवकर जायला हवं. लवकर म्हणजे किती? माझं म्हणणं अर्धा तास. त्याचं म्हणणं दीड. नागपूर स्टेशनवर कोणाला पोचवायला जायचं असलं तरी हे लोक दीड तास आधी निघतात, तिथे स्पेनचं काय घेऊन बसलात!

एवढं सगळं गोडीत झालं. मग सीटचा नकाशा आला. दोन सीट, मधे वाट, पुन्हा दोन सीट. त्याने डावीकडची जोडी निवडली आणि म्हणाला, "तू खिडकीत बस."

मी चिवडा खाता खाता थांबले. हा माणूस खिडकी सोडतोय? सख्ख्या आईला दिली नव्हती याने!

"तू बस," मी म्हटलं.

"नाही, तू बस. मी किती पाहिलं आजवर."

"स्पेन कुठे पाहिलायस?"

आमचं गणित मी मनात मांडलं. डावीकडच्या जोडीत मी खिडकीला बसले तर तो माझ्या उजवीकडे येत होता. म्हणजे माझं काम फत्ते. पण वाटेकडेला बसून हा बघणार काय आणि सांगणार काय, कपाळ? मला स्पेन बघायचा नव्हता, मला स्पेन याच्या तोंडून ऐकायचा होता. मग मी उजवीकडची जोडी निवडली, खिडकी त्याला आणि वाटेकडची मला. तरीही तो माझ्या उजवीकडेच. त्यावर याचा चेहरा असा झाला की बघत राहावं. एकदा नकाशाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाला, "पण सीटांची तोंडं कुठे आहेत? उलट्या निघाल्या तर?"

"निघाल्या तर निघाल्या. तुला काय उलटं बसून मळमळतं का?"

"हं. वय झालं ना आता."

लेकीचा त्याच वेळी फोन आला. तिला मी स्पीकरवर तक्रार सांगितली, की तुझे बाबा खिडकी नको म्हणतायत. तिने आमचं दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "You guys are so weird," आणि जेवायला गेली. तिकीट तसंच राहिलं. नवरा म्हणाला, मी कंपनीला फोन करून विचारतो. मी म्हटलं, एवढ्याशा कामासाठी कोणी स्पेनला फोन करतं का? पण हा एकदा मनावर घेतलं की ऐकणाऱ्यातला नाही. मी हात टेकले.

शनिवारी सकाळी मला जाग आली तर शेजारी हा नव्हता. खाली स्वयंपाकघरातून बोलणं येत होतं. माझ्या लक्षात आलं, आपली सकाळ म्हणजे तिकडची दुपार, साहेबांनी फोन लावलेला दिसतोय. मला हसू आलं. अॅपवर शिकलेलं स्पॅनिश हा कसं फाडतोय ते ऐकायला मी जिना उतरले आणि दाराशी उभी राहिले, उजवा कान आत करून. स्पॅनिश नमस्कारापाशीच संपलेलं होतं, पुढचं सगळं इंग्रजीत चाललं होतं. फोन स्पीकरवर, हातात चहा. मी मराठीतच सांगते.

पलीकडची बाई सोशिक आवाजात म्हणत होती, "सर, सीट उलट्या दिशेच्या निघाल्या, तर तुम्ही दोघं आपापसात जागा बदला. अगदी सोपं आहे."

"सोपं नाही, मॅडम," हा म्हणाला. "माझ्या बायकोला डाव्या कानाने ऐकू येत नाही. सीट उलट्या असल्या तर मी तिच्या डाव्या बाजूला येतो. मग तिला माझ्याकडे जागा बदलून मागावी लागेल, आणि कारण सांगावं लागेल. तिला ते सांगायचं नाहीये. तिच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून मी आधीच विचारून घेतोय."

पलीकडच्या बाईने त्याला थांबायला सांगितलं, बघून आली आणि म्हणाली की तुम्ही म्हणताय त्या सीट गाडीच्या दिशेनेच आहेत, फक्त ऐन वेळी गाडी बदलली तर माझा इलाज नाही. हा दहा वेळा थँक्यू म्हणाला.

खरं सांगते, मला आधी रागच आला. याला माहीत आहे? याला माहीत आहे आणि हा स्पेनमधल्या कुठल्याशा बाईला सांगतो, मला नाही? मग माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. पोर्टलंडचा रस्ता. "काही नाही, जाऊ दे." आणि त्यानंतर लगेच सुरू झालेला गुडघा. अरे देवा, तो गुडघा! मी रोज चोळलेलं तेल, सुंठ, तो पट्टा. आणि सोडलेलं बॅडमिंटन. गुडघा दुखत असल्याचं सोंग करायचं तर खेळता येणार नव्हतं, म्हणून या येड्या माणसाने खेळणंच सोडलं होतं. मला दाराशी उभ्या उभ्या रडू फुटलं.

आत गेले तेव्हा तो टुणकन उठून कप विसळायला निघाला होता. मला बघितल्याबरोबर त्याने "आई गं" करून गुडघा धरला. डावा.

"उजवा ना रे दुखतो?" मी विचारलं.

तो जराही डगमगला नाही. "डाव्याचंही सुरू झालं आता."

मी हसायला लागले, आणि रडतही होते, नाक पुसायला काही सापडेना. त्याने पेपर टॉवेलचा रोलच पुढे केला. मी खुर्ची ओढून बसले आणि जे दोन वर्षं कोणाला म्हटलं नव्हतं ते म्हटलं, "मला डाव्या कानाने ऐकू येत नाही."

"माहीत आहे."

"मग बोलला का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबून राहिलो."

"किती दिवस थांबणार होतास?"

"गुडघा होता ना," तो म्हणाला.

असा माणूस. याच्यावर चिडायचं तरी कसं? मी त्याला सांगितलं की सोमवारी कानाच्या डॉक्टरची वेळ घेते, आणि मशीन घाला म्हणाले तर घालते. गाडी मात्र तोपर्यंत मीच चालवणार, पण उद्या रविवार आहे, तू मुकाट्याने बॅडमिंटनला जायचं. तो लगेच म्हणाला, "रॅकेट कुठे ठेवली?" मग आम्ही दोघांनी मिळून तिकीट काढलं. उजवीकडची जोडी, खिडकी त्याला.

थोड्या वेळाने भाजी आणायला निघालो. मी गाडी चालवत होते, तो उजवीकडे. बाहेर रोजचंच सगळं, ओली झाडं आणि रस्त्याच्या कडेचं शेत. तो बोट दाखवून म्हणाला, "ते पाहा, त्या पांढऱ्या घोड्याला यांनी केवढा मोठा कोट घातलाय."

मला एकूण एक शब्द नीट ऐकू आला होता. तरी मी म्हटलं, "काय?"

त्याने पुन्हा सांगितलं, घोड्यापासून सगळं.