मी वाटलेला साखर कारखाना

मी एक अख्खा साखर कारखाना लोकांना खाऊ घातलाय. एका दुपारात. (आमच्या मुलखात कारखाने खाणारे पुष्कळ झाले, पण ते एकटे खातात. मी वाटून टाकला!)

माझे वडील गुऱ्हाळावर गूळ करणारे गुळव्या होते. चुलाणापुढे बसून माझं बालपण गेलं, त्यामुळं शाळा चौथीतच सुटली. लग्न होऊन मद्रासला आले, माझे मालक रेल्वेच्या कारखान्यात कामाला. ते गेले, मुलगा दिलीप मोठा झाला आणि यानं काय काढावं? खडीसाखरेचा धंदा! आमच्या वेलचेरी भागात पूर आला तेव्हा तळमजल्यावरचा सगळा माल विरघळला. आमच्या गल्लीत पुराचं पाणी गोड होतं! रडून काय करणार? पाणी ओसरल्यावर भांडी घासली आणि भट्टी परत पेटवली.

तर यंदा इथं चेन्नईत मोठं प्रदर्शन भरलं. देशोदेशीचे साखरवाले, घराएवढाली यंत्रं. दिलीपनं एक छोटा गाळा घेतला. परदेशातली एक बाई माल बघायला येणार होती. तिनं ऑर्डर दिली तर भट्टी चालणार, नाहीतर महिना संपला की टाळं. गिऱ्हाइकाचं लक्ष जावं म्हणून त्यानं आपल्याच खडीसाखरेचा कारखाना बनवला. पाकानं चिकटवलेल्या भिंती, धुराडं, फाटक, सगळं! महिनाभर झोपला नाही पोरगा.

"आई, मी आणि सेल्वी बाईंना आणायला जातोय. तू नुसती बस. कशाला हात लावू नकोस."

"मी कशाला लावू?"

सेल्वी म्हणजे माझी सून, तमिळ. जाताना तिनं मागं वळून बघितलं. तिला माझी जास्त ओळख!

आता संक्रांत होऊन चारच दिवस झालेले. रथसप्तमीपर्यंत तिळगूळ चालतो, म्हणून मी डबाभर लाडू नेले होते. ते प्रदर्शनाच्या फाटकावरच्या शिपायानं ठेवून घेतले. बाहेरचं खाणं आत नाही म्हणे! (संध्याकाळी डबा परत मिळाला. धुतलेला.)

तेवढ्यात शेजारच्या गाळ्यातले मुरुगन आले. पोती शिवायची यंत्रं विकतात. हातात उसाचं कांडं.

"पाट्टी, पोंगलचा ऊस!"

पाट्टी म्हणजे आजी. सणाचं देणं हातावर ठेवलं आणि माणसाला रिकाम्या हातानं परत पाठवायचं? मला नाही जमत. कारखान्याची मागची भिंत कुणाला दिसणार होती? एक खडा काढला.

"घ्या तिळगूळ, गोड बोला."

"यात तीळ कुठं आहे, पाट्टी?"

"तीळ शिपायाकडं आहेत. गूळसुद्धा. तुम्ही नुसतं गोड बोला!"

मुरुगन गोड बोलले, पण फार मोठ्यानं! त्यांची तीन माणसं आली. मागची भिंत गेली. मग एक बाई कडेवर रडकं पोर घेऊन आली, पोर छपराकडं बोट दाखवतंय. छप्पर गेलं. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "मला साखरेचा आजार आहे, अगदी बारीक द्या." त्यांना खिडकी दिली. फुकट काहीतरी मिळतंय म्हटल्यावर रांगच लागली! चिनी काय, पंजाबी काय! प्रत्येकाला मी "गोड बोला" सांगतेय आणि प्रत्येक जण आपापल्या भाषेत बोलतोय. त्या गर्दीत माझं भानच सुटलं, बघा.

"अय्यो, अम्मा!"

सेल्वीचा आवाज. मागं दिलीप, त्याच्या मागं गोरी बाई. टेबलावर उरलं होतं एक धुराडं आणि एक फाटक.

दिलीपचा चेहरा चुन्यासारखा. "आई... कारखाना?"

"आत्ता होता की रे."

पुरात माल गेला तेव्हाही तो असाच दिसला होता. पण पाहुणी दारात उभी होती. मी धुराडं मोडलं आणि तिच्या हातावर ठेवलं. "घ्या. गोड बोला."

दिलीपनं डोळे मिटले. सेल्वीनं इंग्रजीत काहीतरी समजावलं. बाईनं खडा तोंडात टाकला. चघळला. रांगेतली माणसं चघळत होती, त्यांच्याकडं बघितलं. मग हसली आणि काहीतरी विचारलं.

"काय म्हणते गं?" मी हळूच विचारलं.

"विचारतेय, फाटक पण मिळेल का?"

ऑर्डर लहानशीच मिळाली, नमुन्यापुरती. पण भट्टी चालू आहे, टाळं कपाटात आहे. दिलीप दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आई, चहा टाक." मिटलं.

आता दिलीपनं पुढच्या प्रदर्शनासाठी नवा कारखाना बनवलाय. काचेच्या पेटीत, कुलूप लावून. वर तीन भाषांत पाटी: हात लावू नये. मी म्हटलं, "अरे, इंग्रजी ठीक, तमिळ ठीक. चेन्नईत मराठी कोण वाचणार?"

त्यानं मराठी ओळीवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडं रोखलं.

मी आत्तापासूनच ठरवलंय. त्या दिवशी चष्मा घरी विसरायचा!