कोल्हापूरवरचं आभाळ

पुण्यात खिडकीबाहेर ऊन होतं आणि माझ्या संगणकाच्या पडद्यावर कोल्हापूरचा पाऊस पडत होता. विमान उडवायच्या खेळाला मी हल्लीच एक सॉफ्टवेअर जोडलंय. ज्या गावावरून उडाल, तिथलं या घडीचं खरं हवामान ते दाखवतं. विमानाच्या काचेवरून थेंब ओघळत होते, खाली धावपट्टी दिसेना. वाटलं, आभाळ एवढं हुबेहूब घरात येऊ लागल्यावर माणूस गावी कशाला जाईल? स्पष्टच सांगतो, मी जात नाही. माझे वडील, आप्पा, तिथे एकटे असतात.

पडद्याकडे बघतच त्यांना फोन लावला. “आप्पा, काय पाऊस लागलाय! ढग तर पार खाली आलेत.”

“तुला रं काय ठावं?” म्हणाले आणि लगेच हसले. “आलाईस व्हय! न सांगता? भिजू नगंस, थांब, दार उघडतो.”

तेव्हाच ‘नाही’ म्हणायला हवं होतं. फोनमधून चपला फरफटल्या, कडी निघाली आणि पाऊस एकदम मोठ्यानं ऐकू आला. समोर पडद्यावरही तोच पडत होता.

“कुठं हाईस रं?” आप्पा त्या पावसाला विचारत होते.